दाराजवळच्या कुंड्या

१

आप्पांच्या नर्सरीत झाड घ्यायला आलेल्या माणसाला आधी स्टुलावर बसावं लागे. मग आप्पा शेजारी उकिडवे बसत आणि चौकशी सुरू होई. ऊन कुठल्या बाजूने येतं, पाणी कोण घालणार, घरात विसराळू कोण आहे, मांजर आहे का, भिंत कोणत्या रंगाची आहे. आत गल्ल्यावर बसलेली सूनबाई कपाळाला हात लावी.

"आप्पा, त्यांना झाड हवंय. मुलगी नाही मागायला आलेत."

"मग काय, रस्त्यावर सोडून देऊ?" आप्पा म्हणत.

एवढं करूनही ते लगेच झाड लावून देत नसत. त्यांची रीत अशी, की झाड कुंडीसकट त्या घरी नेऊन ठेवायचं, ज्या जागी लावायचं तिथेच. आठवडाभर राहू द्यायचं. मग जाऊन बघायचं. पान टवटवीत असलं, नवा कोंब दिसला, तर खड्डा करून जमिनीत उतरवायचं. नाहीतर उचलून परत आणायचं. "नांदलं नाही," एवढंच सांगायचं. परत आलेल्या झाडांचा शेडच्या मागे एक कोपरा होता. सूनबाई त्याला माहेर म्हणे.

त्या दिवशी शिंपीणबाई आली, तेव्हा तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच होती. चाळिशी उलटलेली, अंगाने बारीक. स्टुलावर बसायलाही थांबली नाही.

"मला न मरणारं झाड द्या," ती म्हणाली.

सूनबाई हसली. आप्पा हसले नाहीत.

"तसलं झाड कुणी केलेलंच नाही, बाई. चिवट झाडं असतात. पण चिवट म्हणजे न मरणारं नव्हे. मरायच्या आधी पुष्कळ काही करून बघतं ते चिवट."

"तसलंच द्या," शिंपीणबाई म्हणाली. "माझी सगळी मरतात. गेल्या वर्षी आमचे हे गेले, तेव्हापासून एक झाड जगलं नाही दारात. मी पाणी घालते, बोलतेसुद्धा त्यांच्याशी. लोक म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही."

"हाताला काही नसतं," आप्पा म्हणाले. "जागा बघू चला."

२

एकाला एक लागून घरं होती. बाईचं घर म्हणजे एक लांबट खोली, तिच्यामागे दुसरी, आणि मागच्या दाराबाहेर फरशीचं अंगण. दुसऱ्या खोलीत मागच्या खिडकीखाली शिवणाचं मशीन होतं. खिडकीला लागूनच दार. बाई दिवसभर तिथे बसे.

अंगण बघून आप्पांना बरं वाटलं. डोक्यावर उघडं आभाळ. आजूबाजूला उंच इमारत नाही, झाड नाही. भिंती कमरेएवढ्या, चुन्याने पांढऱ्या केलेल्या. ऊन सकाळी यायचं ते संध्याकाळीच जायचं.

"ही तर उन्हाची परात आहे," ते म्हणाले. "इथे न जगायला काय झालं?"

मग त्यांनी मेलेल्या झाडांच्या कुंड्या बघितल्या. दाराच्या दोन्ही बाजूंना ओळीने होत्या. आप्पा एकेकीपुढे बसले. झेंडू होता. तुळशीसारखं काहीतरी होतं. एक गुलाब होता. सगळ्यांच्या काड्या हातभर लांब, सुतळीएवढ्या बारीक, पांढुरक्या. पानाला पान लांब लांब. दारापासून लांब, समोरच्या भिंतीकडे झुकून झुकून शेवटी कोसळलेल्या.

आप्पांनी ही तऱ्हा जन्मभर पाहिली होती. झाड अंधारात ठेवलं की असंच करतं. पानं फुटायची थांबतात, रंग जातो, आणि सगळा जीव नुसती मान लांबवण्यात घालतं. कुठेतरी उजेड असेल, तिथवर पोचू, या आशेवर. माळ्यावर विसरलेला कांदासुद्धा असंच करतो.

"ही आत खोलीत ठेवली होती ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. पहिल्यापासून इथेच."

"पलंगाखाली? संडासाच्या बोळात?"

"आप्पा, मी दुःखात होते, वेडी नव्हते."

माणूस गेल्यावर घरातलं काय कुठे होतं ते बाईला आठवत नसेल, असं त्यांनी मनाशी धरलं. कुणीतरी झाडं आत नेली असतील, मेल्यावर बाहेर काढली असतील. होतं असं.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी हातगाडीवरून चार कुंड्या आणल्या. सदाफुली, कोरफड, बोगनवेल आणि कण्हेर. ही चारही दगडावर टाकली तरी उठून बसणारी.

"सदाफुलीला काही सांगावं लागत नाही," ते बाईला समजावू लागले. "कोरफडीला विसरलात तर ती उपकार मानेल. बोगनवेल मात्र लाडावू नका. पाणी जास्त झालं की नुसता पाला. जरा उपाशी ठेवली की फुलते. कण्हेर कुणाचं ऐकत नाही, पण मरतही नाही. फक्त चारही जणांना ऊन पाहिजे. तेवढं तुमच्याकडे ढीगभर आहे."

बाई हसली. हसताना सुई ओवायला घेतली होती. दोरा ओला करून, खिडकीकडे धरून तिने तीनतीनदा प्रयत्न केला आणि तसाच खाली ठेवला.

"डोळे," ती म्हणाली. "भर दुपारी दिवा लावून बसते. डॉक्टरला दाखवले. तो म्हणतो, डोळे ठणठणीत आहेत. अहो, वय झालं म्हणाला असता तरी चाललं असतं. शिंपिणीचे डोळे गेले की राहिलं काय? दोन हात आणि एक फीत."

३

आठवड्याने आप्पा गेले, तेव्हा चारही कुंड्या जागच्या जागी होत्या आणि चारही झाडं लांबली होती.

सदाफुलीचं एकेक पेर बोटभर झालं होतं. बोगनवेलीचा नवा शेंडा पांढराफटक. कण्हेरीने मान वाकडी करून समोरच्या भिंतीकडे नेली होती. कोरफडीची पानं, जी उन्हात जाड आणि गच्च व्हायची, ती लोळागोळा होऊन पसरली होती. आणि या सगळ्यांवर ऊन पडलेलं होतं. आप्पांच्या डोळ्यांसमोर पडलेलं होतं.

आप्पांनी माती चिमटीत घेऊन वास घेतला. बाई कपडे धुतलेलं पाणी घालते का विचारलं. भिंतीचा चुना उतरलाय का बघितलं. कुंडीची बुडं तपासली. मनात म्हणाले, मातीत खोट असेल. पण मातीची खोट वेगळी दिसते, ते त्यांना ठाऊक होतं. खत कमी पडलं की झाड पिवळं पडतं, चुना जास्त झाला की पान जळतं. मान लांब होते ती एकाच गोष्टीने.

त्यांनी कुंड्या हलवल्या. दोन समोरच्या भिंतीपाशी, दोन तिथेच दाराजवळ. मधे दाराकडून भिंतीकडे जाणारी एक लांब पेटी ठेवली आणि तिच्यात कोरफडीची पिल्लं लावली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

घरी आल्यावर त्यांनी सूनबाईला सांगितलं. ती ताटं मांडत होती.

"शेजाऱ्यांचा काहीतरी आडोसा असेल," ती म्हणाली. "पत्रा, ताडपत्री."

"आभाळ उघडं आहे गं."

"मग तुम्ही संध्याकाळी जात असाल."

"बाराला गेलो होतो. टोपी घालून गेलो होतो."

"मग झाडांना चष्मा लावा," सूनबाई म्हणाली आणि हसली. आप्पा हसले नाहीत, तेव्हा तिने ताट ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. "काय आहे आप्पा? जेवा आधी."

पुढच्या खेपेला समोरच्या भिंतीजवळची दोन्ही झाडं सुधारली होती. सदाफुलीने दोन फुलं काढली होती. दाराजवळची होती तशीच, अजून लांब. आणि मधल्या पेटीतली कोरफडीची पिल्लं अर्धी हिरवी होती, अर्धी पांढरी. मधे सरळ रेघ. कुणी सुरीने कापावी तशी.

दोरीवर कपडे वाळत होते. बाईच्या साड्या, गिऱ्हाइकांची अस्तरं. आप्पांनी सहज हात लावला. दोरीच्या पलीकडच्या टोकाचे कपडे खडखडीत. दाराकडच्या टोकाचे ओले.

"इकडचे वाळत नाहीत," बाई आतून म्हणाली. "मी इकडे घालतच नाही आता फारसे."

आप्पा दारासमोर जाऊन उभे राहिले, पेटीवरच्या रेघेच्या आत, दाराच्या बाजूला. उभे राहून त्यांनी वर बघितलं. सूर्य डोक्यावर होता. ते बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सरळ सूर्याकडे बघतोय आणि डोळे मिटावेसे वाटत नाहीत.

ते रेघेबाहेर आले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं.

४

त्या दिवशी ते लगेच गेले नाहीत. बाईने चहा केला. दोघं समोरच्या भिंतीपाशी बसली, सदाफुलीजवळ. आप्पांना कसं बोलावं कळेना. शेवटी झाडाचं सांगतात तसंच सांगितलं.

"बाई, डोळे तुमचे चांगले आहेत. डॉक्टर खरं बोलला."

"मग दिसत का नाही?"

"झाडांनाही दिसत नाहीये. त्या दारापाशी उजेडच कमी आहे. का ते मला माहीत नाही. पण आहे. झाड खोटं बोलत नाही."

मग तिने कप खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि रडू लागली. पण ते रडणं आप्पांना हलकं वाटलं. वर्षभर आपण आंधळे होतोय असं धरून बसलेली बाई होती ती. कुणाला सांगितलं नव्हतं, काम जाईल म्हणून.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली. "माझ्यात नाही."

"तुझ्यात काही नाही पोरी."

डोळे पुसून झाल्यावर तिने दाराकडे बघितलं. मग जरा हसली.

"आमचे हे ट्रक चालवायचे. चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. घरी असले की चहाचा कप घेऊन त्या दारात उभे राहायचे. दारभर माणूस. मी मशीनवर. सगळा उजेड अडायचा. मी ओरडायचे, अहो, बाजूला व्हा, बोटात सुई घालून घेईन. तर मुद्दाम हात पसरून उभे राहायचे. म्हणायचे, दोन दिवस तर असतो, बघ जरा माझ्याकडे." तिने खाली ठेवलेला कप उचलला. "मी बघायचेच नाही हो. ऑर्डर असायची."

आप्पांनी दाराकडे बघितलं. अंगणात ऊन होतं, आणि दारही उन्हात होतं, बघायला तरी. चौकटीचा रंग उडालेला स्पष्ट दिसत होता.

"तू मशीन घेऊन आमच्या शेडला ये," ते म्हणाले. "पुढचा अर्धा भाग रिकामाच आहे. उजेड चांगला आहे. सूनबाईला बोलायला माणूस पाहिजेच आहे, मी तिला पुरत नाही. रात्री झोपायलाही तिच्याकडे थांब वाटलं तर. थोडे दिवस उन्हात राहिलीस की सुधारशील."

"मी काय कुंडी आहे?"

"कुंडीच समज."

ती हसली. पण हो म्हणाली नाही. "बघते," म्हणाली.

जाताना आप्पांनी एक केलं. दाराजवळच्या जागी ऊन मागणारी झाडं काढून सावलीतली ठेवली, स्नेक प्लांट आणि मनीप्लँट. कोनाड्यात, जिन्याखाली, बाटलीतल्या पाण्यात, कुठेही जगतात ती. बाईने यायचं ठरवेपर्यंत दारात निदान हिरवं काहीतरी असावं, एवढाच त्यांचा विचार.

५

सूनबाई स्वतः गेली ब्लाउज शिवायला टाकण्याच्या निमित्ताने. परत आली ती गल्ल्यावर न बसता सरळ आप्पांकडे आली.

"आप्पा, तिला आणा इकडे."

"काय झालं?"

"झालं काही नाही. चहा दिला, हसली, माप घेतलं. पण किती पांढरी पडलीय हो. हात बघितलेत तिचे? आणि मान. अशी पुढे काढून बसते." सूनबाईने करून दाखवलं आणि लगेच थांबली. स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. "मी म्हटलं, दिवा का लावत नाही? तर म्हणते, आता लागत नाही. खोलीत मला माझी पिशवी सापडत नव्हती आप्पा, आणि ती बारीक टीप मारत होती."

आप्पा खुरपं पुसत बसले.

"तुमची झाडंही बघितली," सूनबाई म्हणाली. "दाराजवळची."

"जगली?"

"जगली. दाराच्या चौकटीला लागतील अशी जगली. पण एक सांगू? बाकीची झाडं तोंड फिरवून भिंतीकडे वळली होती ना? ही नाही वळलेली. ही दाराकडे वळलीत."

आप्पांनी खुरपं खाली ठेवलं. सावलीतलं चिवट झाड मिळेल त्यात भागवतं, म्हणून तर ते देतात. उजेड नसला की उजेड शोधत बसत नाही. जे आहे त्याचीच सवय लावून घेतं. हे त्यांना कळायला हवं होतं. झाडं निवडताना झाडाचाच विचार केला, शेजारी कोण बसतं त्याचा केला नाही.

ते तसेच उठून गेले. बाईला बाहेरच्या खोलीत बोलावून, समोर बसवून, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "इथे राहिलीस तर तू मरणार नाहीस. तीच तर भीती आहे. तू चिवट आहेस. तू इथलीच होऊन जाशील."

बाई बोटातली अंगठी फिरवू लागली.

"आणि ते?" तिने विचारलं.

आप्पा म्हणाले, "गेलेल्याला वाट असते, पोरी. राहिलेल्याने अडवून धरू नये."

"मी कुठे अडवलंय? अडवलंय तर त्यांनी." ती हसली, मग डोळे भरून आले. "बरं. येते. एक काम हातात आहे तेवढं उरकते. मग टेम्पो घेऊन या."

६

टेम्पो घेऊन आप्पा गेले तेव्हा दुपार होती. सूनबाईने शेड झाडून ठेवली होती, दाराशी पाट टाकला होता, पाण्याचा माठ भरला होता. ड्रायव्हर बाहेरच थांबला, बिडी ओढत.

पहिल्या खोलीत बोचकं बांधून ठेवलेलं होतं. मशीनचं झाकण, कात्र्या, दोऱ्यांचा डबा, सगळं नीट. आप्पांना हायसं वाटलं. ते भिंत चाचपत मधल्या दारापर्यंत गेले. दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखं होत होतं. मागचं दार उघडं होतं. पलीकडे अंगण उन्हाने पांढरं झालेलं दिसत होतं, आणि तरी ते ऊन उंबऱ्याच्या आत येत नव्हतं.

बाई मागच्या दारात उभी होती, आप्पांकडे पाठ करून. तोंडात टाचण्या होत्या. हातात पुरुषाचा नवा सदरा, पांढरा. शिंपी गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावून बघतात तसा तिने तो दोन्ही हातांनी उंच धरला होता. टाचा उंचावून धरला होता. एका खांद्यावर टाचणी लावली, मग दुसऱ्या. मान तिरकी करून बघितलं. समाधान झालं नाही, तेव्हा जरा लांबून बघावं म्हणून ती दोन पावलं मागे सरली.

सदऱ्यावरचे हात तिने केव्हाच काढून घेतले होते.

आप्पांनी मान खाली घातली. दुसऱ्याच्या घरी कुणी कपडे बदलत असलं की घालतात तशी. त्यांना समोर फक्त कुंड्या दिसत होत्या. स्नेक प्लांटची पानं दाराकडे वळून हलत होती. वारा नव्हता.

"आलात?" बाई टाचण्यांमधून म्हणाली. आवाज किती मोकळा होता तिचा. "हेच काम होतं हातातलं. म्हटलं, जाताना यांना एक नवा करून जावं. कधी केलाच नाही. गावभर शिवत बसले." मग टाचण्या काढून ती म्हणाली, "आप्पा, कसा बसतोय ते सांगा ना. खरं सांगा हां. मला जवळून कळत नाही."

छान बसतोय, एवढंच म्हणायचं होतं. बाहेर टेम्पो उभा होता. बोचकं बांधलेलं होतं. पण साऱ्या जन्मात आप्पांना कुणी विचारलं, की इथे हे बसतंय का, तर त्यांनी बघितल्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं, आणि बघितल्यावर खोटं सांगितलं नव्हतं. त्यांची मान आपसूक वर झाली. नजर गळ्यापर्यंत नाही गेली. बाहीपर्यंत गेली, बाहीवरून खाली आली, खूप खाली आली, आणि परत फरशीला टेकली.

"बाही तोकडी पडतेय," आप्पा म्हणाले.

म्हटल्याक्षणी त्यांना कळलं, आपण काय केलं ते.

"तोकडी कशी पडेल? जुन्याच मापाने बेतलाय." बाई पुढे गेली. तिचा हात खांद्यापासून बाहीवरून उतरत गेला, काठाशी आला, आणि काठ संपल्यावरही उतरत राहिला. ती हळूहळू वाकत गेली. शेवटी गुडघ्यापाशी थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. सुट्टीत घरी आलेलं लेकरू उंच झालेलं बघून आई म्हणते तसं.

"पोरी, चल," आप्पा म्हणाले. "राहू दे. सूनबाई वाट बघतेय."

"असं कसं राहू देऊ आप्पा? असं अर्धवट घालून ठेवू का त्यांना?" ती मशीनकडे आली. दिवा न लावता दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि पहिल्या झटक्यात सुईत ओवलं. "कापड जोडावं लागेल. त्या टेम्पोवाल्याला सांगा, आज नाही जमायचं. आणि आप्पा, सावकाश जा हां, तिथे पायरी आहे. तुम्हाला दिसायची नाही."

आप्पा भिंतीला धरून बाहेर आले. ऊन डोळ्यांवर आदळलं. ड्रायव्हरने बिडी विझवली.

"काय आप्पा, उचलायचं ना मशीन?"

आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. आत मशीन सुरू झालं होतं. एक टीप सरळ चालली होती. त्यांना वाटलं, आता थांबेल, बाही एवढीच असते, आता कापड वळवेल, दोरा तोडेल. मग जाऊन एकदा हाक मारू.

ते उन्हात उभे राहून ऐकत राहिले. टीप चालतच होती.